परतीचं तिकीट काढण्याआधी

न्यू जर्सी
रविवार सकाळ

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतास, माझाही स्वयंपाक चालू होता, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. डिसेंबरात तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न, सोलापूरचं घर साडेचार वर्षांनी बघायचं, आणि पासपोर्टात अजून तू विद्यार्थी असतानाचा एफ-१ व्हिसा. "ताई, जाऊ की नको?" एवढंच तू विचारलंस. मी आधी तुलाच एक विचारते, आणि त्याचं उत्तर कागदावर आकडे मांडून दे. तीन महिने तिकडे अडकलास तर तुझी नोकरी, इथलं घरभाडं आणि तुझं मन, या तिन्ही गोष्टी तग धरतील का? धरणार असतील तर खुशाल जा. नसतील तर आधी त्यांची सोय कर, मग तिकीट काढ. व्हिसा मिळेल की नाही याची चिंता करत बसू नकोस. तुझ्यासारख्या सरळ प्रकरणात तो बहुतेक वेळा मिळतोच. कधी मिळेल, ते मात्र कोणी सांगू शकत नाही, आणि सगळी तयारी त्या एका गोष्टीची करायची असते.

एक घोळ आधी सोडवते, कारण तुझ्या बोलण्यात तो दोनदा आला. आय-७९७ ही मंजुरीची नोटीस आली म्हणजे तुझं इथलं स्टेटस, म्हणजे राहण्याचा कायदेशीर दर्जा, एच-१बी (नोकरीवाल्याचं) झालं. इथे राहायला, काम करायला तेवढं पुरतं. पासपोर्टातला व्हिसा फक्त दारातून आत येण्यासाठी असतो. तू देशाबाहेर न जाता स्टेटस बदललंस, म्हणून तुझ्याकडे राहण्याचा हक्क आहे पण परत येण्याचा कागद नाही. एफ-१ वर तारीख शिल्लक असली तरी त्याचा आता उपयोग नाही. आणि नवा व्हिसा अमेरिकेत बसून मिळत नाही. पूर्वी मिळायचा, ती सोय २००४ च्या जुलैत बंद झाली. २०२४ च्या सुरुवातीला वीस हजार जणांपुरता एक प्रयोग झाला, पुढे तो नेहमीचा झाला नाही. त्यामुळे ज्याला घरी जायचं आहे त्याला स्टॅम्पिंग, म्हणजे बाहेर जाऊन पासपोर्टात व्हिसाचा शिक्का घेणं, चुकत नाही.

तुझ्या ऑफिसातले मोठे लोक म्हणतील, "ड्रॉपबॉक्समध्ये पासपोर्ट टाक, आठ दिवसांत येतो." त्यांच्या वेळी ते खरं होतं. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची ती सूट एच-१बी वाल्यांना राहिली नाही, समोर जावंच लागतं. त्याच आठवड्यात दुसरा नियम आला की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करायचा. म्हणजे मेक्सिकोला जाऊन शिक्का घेऊन यायचा जुना रस्ताही गेला. मग १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसाच्या प्रत्येक अर्जदाराचा सोशल मीडिया तपासायला सुरुवात झाली. त्यापायी भारतातल्या कितीतरी मुलाखती मार्च २०२६ आणि त्याच्याही पुढे ढकलल्या गेल्या. लोक आधीच घरी पोचले होते. कोणाची इथे शाळेत जाणारी मुलं, कोणाची विमानतळावर लावलेली गाडी. जुन्या तारखेला गेलात तर आत सोडणार नाही, असं दूतावासाने स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या ओळखीतली दोन घरं त्यात सापडली, म्हणून मी तुला तीन आठवडे न म्हणता तीन महिने म्हणते आहे.

एक लाख डॉलरच्या फीबद्दल तुझी आई घाबरली आहे म्हणालास. तिला सांग, ती २१ सप्टेंबर २०२५ नंतर दाखल झालेल्या नव्या पेटिशनसाठी, म्हणजे कंपनी कर्मचाऱ्यासाठी करते त्या अर्जासाठी, आणली, तुझं त्याआधीच मंजूर झालं आहे. एवढं कळलं तरी तिला झोप लागेल.

आता माझं सांगते. २०१३ च्या डिसेंबरात मी स्टॅम्पिंगला गेले होते. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं, काम कुठे करतेस? मी क्लायंटचं नाव सांगितलं, ते खरंच होतं. पण माझ्या तेव्हाच्या कंपनीने दिलेल्या पत्रात आधीच्या क्लायंटचं नाव होतं. मी ते पत्र पाकिटातून काढून वाचलंसुद्धा नव्हतं. त्याने २२१ (जी) ची, म्हणजे निर्णय तूर्त अडकवल्याची, चिठ्ठी दिली, नवं पत्र मागितलं. ते यायला आणि पुढची तपासणी व्हायला सात आठवडे गेले. सांगलीला आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असायचं. आई त्यावर दुधाचा हिशेब लिहायची. बाबांनी त्याच चौकटीत, दुधाच्या खाली, बारीक अक्षरात रोजचं स्टेटस लिहायला सुरुवात केली. रोज सकाळी आंघोळ झाली की चष्मा लावून माझा केस नंबर टाकायचे, आणि मग लिहायचे, "तेच." जानेवारीचं पान उलटलं तेव्हा मागच्या पानावर "तेच, तेच, तेच" असे किती रकाने भरले होते ते मला दिसलं. बाबा मला एक शब्द बोलले नव्हते. ते पान बघून मी न्हाणीघरात जाऊन रडले.

म्हणून कागदांबद्दल मी कडक आहे. फाइल जाडजूड असली की झालं असं नसतं. फाइलमध्ये जे आहे तेच तुझ्या आयुष्यात असलं पाहिजे. तू सहा महिन्यांपूर्वी मित्राबरोबर राहायला नॉर्थ कॅरोलायनात गेलास आणि आता घरून काम करतोस. तुझ्या पेटिशनमध्ये कामाचं ठिकाण कुठलं आहे? जर्सीचं असेल आणि कंपनीने दुरुस्तीचं पेटिशन भरलं नसेल, तर आधी ते वकिलाला विचार. रोज जाऊन-येऊन करण्याच्या टप्प्याबाहेर कामाची जागा गेली की दुरुस्ती करावी लागते, हे २०१५ च्या एका निर्णयापासून पक्कं झालेलं आहे. मुलं घर बदलतात, पत्ता बँकेला कळवतात, मॅनेजरला कळवतात, आणि कंपनीच्या इमिग्रेशनवाल्यांना कळवायचं राहून जातं. माझ्या मते तुझ्या सगळ्या प्रकरणात ही एकच जागा कच्ची आहे. बाकीच्या गोष्टींना नंतर हात घाल, उद्या सकाळी पहिला मेल याचा कर.

दुसरं, पासपोर्ट. तुझा २०२८ च्या फेब्रुवारीत संपतो आणि मंजुरी त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत आहे. विमानतळावरचा अधिकारी आय-९४ (इथे राहण्याच्या मुदतीची नोंद) बऱ्याचदा पासपोर्टाच्या तारखेपर्यंतच देतो. म्हणजे हातात सप्टेंबरची मंजुरी आणि राहण्याची मुदत फेब्रुवारीपर्यंत, असं होऊन बसतं, आणि शेवटची तारीख आय-९४ ची धरली जाते. कित्येकांना हे महिनोन्‌महिने कळत नाही. जमलं तर पासपोर्टाचं नूतनीकरण आधी उरकून घे आणि नव्या नंबरानेच डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भर. जुना पासपोर्टही बरोबर ठेव. परत आल्यावर त्याच दिवशी आय-९४ ऑनलाइन काढून त्यावरची तारीख बघ.

डीएस-१६० एकदम बसून भरू नकोस. थोडा वेळ हात थांबला की पान बंद होतं आणि भरलेलं जातं, म्हणून प्रत्येक पानावर सेव्ह कर आणि अ‍ॅप्लिकेशन आयडी वहीत लिहून ठेव. नावाच्या रकान्यात पासपोर्टात आहे तसंच लिही. आपल्याकडे 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, ते तसंच जाऊ दे, वडिलांचं नाव गाळू नकोस. (पुढे तुझं लग्न झालं की बायकोच्या एच-४ च्या वेळी हे लक्षात ठेव. आपल्याकडे मुलीचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा. माहेरचं नाव 'आधीची नावं' या रकान्यात गेलंच पाहिजे.) गेल्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची सगळी खाती लिही, बंद पडलेलीसुद्धा, आणि आहेत ती सार्वजनिक कर. घाबरून जुन्या पोस्ट पुसत बसू नकोस. लिंक्डइनवरचं पद आणि तारखा पेटिशनशी जुळतात का ते मात्र बघ, तिथे कोणीतरी उगाच 'सीनियर' लिहून ठेवलेलं असतं. आणि पोलिसांशी कधी संबंध आला असेल, अगदी केस निकालात निघाली असेल तरी, ते वकिलाला आधी सांग. मला सांगितलं नाहीस तरी चालेल, वकिलाला सांग.

मुलाखतीच्या स्लॉटसाठी एजंटच्या नादी लागू नकोस. पासवर्ड त्याच्या हातात, पैसे त्याच्या हातात आणि जोखीम तुझी. २०२५ च्या मार्चमध्ये दूतावासाने यंत्रांकरवी घेतलेल्या सुमारे दोन हजार तारखा एका फटक्यात रद्द केल्या, आणि ज्या खात्यांतून त्या घेतल्या होत्या त्यांची पुढची तारीख घेण्याची सोयही थांबवली. स्वतः बस, रोज थोडा वेळ बघ. मुंबई नाही मिळाली तर हैदराबाद घे, सोलापूरहून तेही लांब नाही. आधी स्लॉट, मग तिकीट, हा क्रम मोडू नकोस. आणि तारीख लग्नाच्या आधीची घे, जितकी आधीची मिळेल तितकी. सगळी मुलं "लग्न आटोपलं की निवांत करू" म्हणतात आणि रजा संपायच्या आठवड्यात मुलाखतीला जातात. आधी गेलास तर चिठ्ठी मिळाली तरी वाट बघण्याचे दिवस केळवणात, खरेदीत, मांडव घालण्यात जातील.

मुंबई मिळाली तर दोन दिवस धर. एक दिवस बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरून थेट रांगेत उभा राहू नकोस, गाडीला उशीर झाला तर सगळं मुसळ केरात. मावशीकडे मुक्काम कर. मोबाइल आत नेता येत नाही, तो घरीच ठेव किंवा बरोबर येणाऱ्याच्या हातात दे. मुलाखत बहुधा दोन-चार मिनिटांची असते. काय काम करतोस हे तुझ्या आत्याला कळेल अशा दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. पाठ करू नकोस, पाठ केलेलं लगेच कळतं. एच-१बी ला "भारतात परत येणार का" हे सिद्ध करायचं ओझं नसतं, तेव्हा विचारल्याशिवाय त्यात शिरू नकोस. कंपनीचं पत्र, मंजुरीची मूळ प्रत, पेटिशनची प्रत, शेवटच्या पगारपावत्या, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कराचा कागद), पदवी आणि गुणपत्रिका, एवढं हाताशी ठेव. आणि प्रत्येक कागद निदान एकदा स्वतः वाच.

चिठ्ठी मिळालीच, तर ऑनलाइन 'रिफ्यूज्ड' असं दिसेल. तो शब्द बघून आईसमोर मट्कन खाली बसू नकोस. २२१ (जी) असताना तसंच दिसतं, मागितलेलं दिलं आणि तपासणी झाली की ते बदलतं. या काळासाठी तयारी इथूनच करून जा. भारतातून काम करायची परवानगी मॅनेजरकडून लेखी घे, किती आठवड्यांची ते त्यात असू दे. काही कंपन्या लॅपटॉपच नेऊ देत नाहीत, तेव्हा रजा किती उरते ते मोज. इथला फोन नंबर चालू ठेव, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि भाडं भरता येणार नाही. टपालपेटीची किल्ली मित्राकडे दे. बोर्डिंग पास जपून ठेव. देशाबाहेर काढलेले पूर्ण दिवस एच-१बी च्या सहा वर्षांच्या मुदतीत मोजले जात नाहीत, मागितले तर शेवटी परत मिळतात. माझे सात आठवडे मी असेच परत मिळवले.

आणि एक. कधी आई-बाबांपैकी कोणाचा दवाखान्यातून फोन आला, तर या पत्रातला एकही हिशेब करू नकोस. मिळेल त्या विमानाने नीघ. व्हिसाचं काय ते मागाहून बघू, मी इथे आहे.

उद्याचा मेल गेला की मला कळव. डीएस-१६० पाठवण्याआधी त्याची प्रत माझ्याकडे येऊ दे, पुढच्या रविवारी बसून ओळ न्‌ ओळ वाचू. बहिणीला साडी मी इथून पाठवत नाही, सोलापुरात तुझ्या आईला पसंत पडेल ती घे आणि किती झाले ते सांग.

तुझी,
ताई