ग्राफिक्स कार्ड राहू दे, आधी राऊटर कुठं आहे ते सांग

भावा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. रात्री नऊनंतर पोकरची चार टेबलं उघडली की एखादं गोठतं, खेळी करायच्या वेळेचं घड्याळ संपतं आणि चांगला हात आपोआप फोल्ड होतो, म्हणजे डाव सोडून दिला असं धरलं जातं. मशीन आठव्या पिढीची आय५, ८ जीबी रॅम, विंडोज अजून हार्ड डिस्कवर. तर ८० हजारांत आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घालून नवा डेस्कटॉप घ्यावा का, असं तू विचारलंयस. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं जुनं घर, वायफाय चांगलं येतं, असंही लिहिलंयस. नाव तेवढं तुझं, बाकी सगळा २०२१ मधला मी. म्हणून जरा लांबड लावतोय, वैतागू नकोस.

आधी एक मिटवून टाकू. पैशाच्या टेबलांसाठी मशीन घेत असशील तर घेऊ नकोस. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात सरसकट बंदी आहे, खेळ कौशल्याचा का नशिबाचा हा वादच ठेवला नाही. आपल्याकडच्या साइटींनी पैशाची टेबलं तेव्हाच गुंडाळली. बाहेरच्या साइटवर व्हीपीएन लावून कसं बसायचं हे मला खाजगीत विचारू नकोस, मी सांगणार नाही. (वकील नाही मी, पण एवढं कळायला वकील लागत नाही.) तू फुकटच्या चिप्सवर खेळतोस आणि सॉल्व्हरवर (कुठल्या हातात कुठली खेळी बरोबर याचं गणित सोडवणारा प्रोग्राम) अभ्यास करतोस असं धरून पुढं लिहितो. माझंही आता तेवढंच चालतं, आणि घरात शांतता आहे.

तर माझं काय झालं ते ऐक. आमचं उद्यमनगरात लेथचं छोटं काम आहे, घर शिवाजी पेठेत. दीड फुटी भिंतींचं. राऊटर पुढच्या सोप्यात, माझं टेबल मागच्या खोलीत, मध्ये माजघर आणि त्यात आईचं लोखंडी कपाट. कॉम्प्युटरला वायफायचं डोंगल कॅबिनेटच्या मागच्या बाजूला खोचलेलं. दिवसा सगळं झकास. जेवणं उरकली, गल्लीत सगळ्यांचे टीव्ही आणि मोबाइल सुरू झाले की माझी टेबलं अडकायला लागायची. एकदा हातात गुलामांची जोडी, फ्लॉपवर (टेबलावर उघडतात ते पहिले तीन पत्ते) बदाम गुलाम, सत्ती, दुरी. दोघं जण ईर्ष्येनं बेट (पैज) वाढवतायत आणि माझ्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. परत जोडलं गेलं तेव्हा हात फोल्ड झालेला आणि पॉट (मध्ये जमलेली सगळी बेट) एक्क्यांची जोडी असलेल्याच्या पुढ्यात. आठवड्यातून तीन-चार वेळा असलं काहीतरी.

इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसात गेलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. पाच चकरा मारल्या. दर वेळी एक पोरगा घरी यायचा, राऊटरपासून दोन हातांवर उभा राहून मोबाइलवर स्पीड बघायचा आणि म्हणायचा, "शंभर येतंय की साहेब." अरे, मागच्या खोलीत ये ना बाबा! तर त्याला लगेच दुसरी कंप्लेंट असायची. तो गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत माझ्या मोबाइलवर मेसेज, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. चौथ्या चकरेला मी कागदावर तारखा-वेळा लिहून नेल्या होत्या. काउंटरवरच्या माणसानं तो कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. खोटं सांगत नाही. पाचव्या वेळी मान वर न करता म्हणाला, "लाइन ओके आहे, तुमची मशीन हँग होतीय. ग्राफिक कार्ड टाकून घ्या."

आणि मी, रोज मायक्रोमीटरनं मापं काढणारा माणूस, एकही माप न घेता त्याचं ऐकलं.

२०२१ मध्ये कार्डांचे भाव कुठं होते ते आठवत असेल. क्रिप्टोच्या मायनिंगवाल्यांनी बाजार उचलून नेला होता. मी मधल्या दर्जाचं कार्ड ४२ हजारांना घेतलं. ते बसवल्यावर कॅबिनेटमधला वीज पुरवणारा जुना डबा (एसएमपीएस) पुरेना, तोही बदलला. लाल-निळे दिवे लागले, पोरं खूश. त्याच रात्री साडेनऊला टेबल गोठलं. पुढं सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं, जुन्या कार्डांचा नुसता पूर आला, आणि मी माझं १४ हजारांना दिलं. बायको अजून ४२ वजा १४ करून दाखवते.

दुखणं सापडलं ते दिवाळीला भाचा आला तेव्हा. त्यानं कॉम्प्युटर उघडलासुद्धा नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीत राऊटरला पिंग लावलं, म्हणजे उत्तर येतंय का ते सारखं विचारत राहायचं (बहुतेक घरांत पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर गूगलच्या सर्व्हरला. पत्त्यापुढं जागा सोडून डॅश आणि टी लिहिलं की आपण थांबवेपर्यंत चालू राहतं. आणि म्हणाला, मामा, आता खेळा. टेबल गोठलं त्या क्षणी दोन्ही खिडक्या अडकल्या होत्या. बाहेरची लाइन खराब असती तर राऊटरची खिडकी चालू राहिली असती आणि फक्त दुसरी अडकली असती. म्हणजे घोळ माझ्या घरातच, कॉम्प्युटर आणि राऊटर यांच्या मधल्या वीस-पंचवीस फुटांत.

कारण असं निघालं की डोंगल २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यावर चालणारं, आणि त्याला चिकटून शेजारच्याच खाचेत माझी यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क. यूएसबी ३ चालू असताना त्याच पट्ट्यात गोंगाट करतं, ही जुनी आणि माहीत असलेली गोष्ट आहे. मला तेवढी माहीत नव्हती. त्यात भिंत, त्यात कपाट, त्यात रात्री गल्लीतले सगळे राऊटर त्याच पट्ट्यात ओरडणार. वीस मीटर लॅन केबल आणली, दोन्ही टोकं क्रिंप करून, सगळं मिळून सहाशे रुपयांच्या आत. माजघराच्या तुळईवरून नेली. त्या दिवसापासून गोठणं बंद.

पोकरच्या टेबलाला शंभर एमबीपीएस लागतच नाहीत. कुणी किती बेट लावली, कुठला पत्ता उघडला, एवढीच चिमूटभर माहिती ये-जा करते. ती खंड न पडता पोचली पाहिजे, बस्स. स्पीड भरपूर आणि मध्येच दहा सेकंद मुकं, असल्या लाइनवर सिनेमा छान दिसतो, कारण तो पुढचं भरून ठेवतो. पोकरला पुढचं भरून ठेवता येत नाही.

आता कार्डाचं. टेबलं रंगवायला प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स पुरतं, तुझ्या आताच्या आय५ मधलंसुद्धा. आणि अभ्यासाला कार्ड लागतं असं कुणी सांगत असेल तर त्याला प्लुरिबसचं सांग. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या नोम ब्राउन आणि ट्युओमास सँडहोम यांनी केलेला हा प्रोग्राम. सहा जणांच्या टेबलावर त्यानं नावाजलेल्या खेळाडूंना हरवलं. त्याची तयारी ६४ कोरच्या एका सर्व्हरवर आठ दिवसांत झाली, ५१२ जीबीच्या आत रॅममध्ये. ग्राफिक्स कार्ड एकही नाही. पायोसॉल्व्हरसारख्या सॉल्व्हर प्रोग्रामलाही प्रोसेसरचे कोर आणि रॅमच खायला लागते. तू फ्लॉपवर बेटचे जितके आकार ठेवशील तितकं झाड (पुढच्या सगळ्या शक्य खेळींच्या फांद्यांचं) फुगतं, आणि ते अख्खं झाड रॅममध्ये बसावं लागतं. जीटीओ विझार्ड ही अभ्यासाची साइट वापरणार असशील तर तेही नको, ती गणितं त्यांच्या सर्व्हरवर आधीच सोडवून ठेवलेली असतात, तुला ब्राउझर पुरे.

माझं मत विचारशील (आणि हे माझं मत, इथं कार्डाचे भक्त आहेत, ते आता येतीलच) तर तुझी मशीन अजून मरायला टेकलेली नाही. आठव्या पिढीवर विंडोज ११ चालतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ते अजून केलं नसशील तर कर. हार्ड डिस्क काढ, एसएसडी टाक. पोकरट्रॅकर वापरत असशील तर तो प्रत्येक हात डेटाबेसमध्ये लिहीत असतो, आणि फिरत्या हार्ड डिस्कवर लाखभर हात जमले की तो रडतो. तुझं थोडं अडकणं तिथलंही असू शकेल, नाही म्हणत नाही. रॅम १६ कर, शक्यतो एकाच मापाच्या दोन पट्ट्या. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी चांगलेच चढलेत, त्यामुळे ३२ चा हट्ट सॉल्व्हर खरोखर वापरायला लागल्यावर धर.

तरी नवंच घ्यायचं मनानं घेतलं असेल तर घे, पैसे तुझे. रायझन ५ ५६००जी सारखं, अंगचं ग्राफिक्स असलेलं काहीतरी बघ. इंटेल घेताना शेवटी एफ अक्षर असलेला प्रोसेसर स्वस्त म्हणून उचलू नकोस. त्यात ग्राफिक्स नसतंच. माझ्या एका मित्रानं तसला आणला आणि दोन दिवस काळ्या पडद्याकडं बघत बसला.

वाचलेले पैसे मॉनिटरवर घाल. चार टेबलं खेळणाऱ्याला खरा फरक तिथं पडतो. २५६० बाय १४४० चा २७ इंची घेतलास तर चारही टेबलं १२८० बाय ७२० ची, एकावर एक न चढता, बरोब्बर बसतात. साध्या १९२० बाय १०८० वर प्रत्येक टेबल ९६० बाय ५४० चं होतं, आणि माझ्यासारख्या चाळिशीपलीकडच्याला इस्पिक आणि किलवर एकच दिसायला लागतात. चार रंगांचे पत्ते अशी सोय सेटिंगमध्ये असते, ती आजच लाव, फुकट आहे.

लाइटीचं विसरू नकोस. कॉम्प्युटरला यूपीएस सगळे घेतात, राऊटरला कुणी घेत नाही. लाइट अर्धा सेकंद डोळा मारून आली तरी राऊटर पुन्हा सुरू होऊन लाइन पकडेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, तोवर यूपीएसवरचा कॉम्प्युटर नुसता शोभेला. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, आधी राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून घे, काही ९ व्होल्टचे असतात. जुन्या घरात अर्थिंगही वायरमनकडून एकदा तपासून घे. आमच्याकडं कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, आम्ही ते कित्येक वर्षं "पावसाळ्यामुळं" म्हणून सोडून दिलं होतं. आणि कॅबिनेट फरशीवर ठेवू नकोस. पुराच्या पट्ट्यात असशील तर २०१९ वेगळं सांगायला नको, पण नुसत्या जुलैतल्या ओलीनंही आतली पिनं हिरवी पडतात, आणि गंज दिसला की वॉरंटीवाले हात वर करतात.

तर आता असं कर. दोन रात्री नऊ ते अकरा त्या दोन खिडक्या चालू ठेवून खेळ. टेबल गोठलं की त्याच क्षणी मोबाइलवर फोटो काढ आणि इथं टाक. राऊटर कुठल्या खोलीत, तू कुठल्या, मध्ये काय काय, तेही लिही. फक्त ८.८.८.८ वालीच खिडकी अडकत असेल तर मात्र लाइनच खराब आहे. मग तुलाही त्या काउंटरसमोर उभं राहावं लागेल. कागदाच्या दोन प्रती ने.

आणि राजारामपुरीत दुकानं फिरायला गेलास तर तोंडातून गेम हा शब्द काढू नकोस. टॅली आणि मोठ्या एक्सेलसाठी मशीन पाहिजे म्हण. कोटेशनमधनं कार्ड, दिवे आणि काचेचं कॅबिनेट आपोआप गळतं.