गाजलेल्या गाण्यांचे संग्रह घ्यायला पॉपगायिका मॅडोनापासून सुरुवात करतोयस तर

'द इमॅक्युलेट कलेक्शन' आधी घे, पण तेवढ्यावर थांबू नकोस. 1990 च्या या संग्रहात 17 गाणी आहेत: 15 गाजलेली, दोन नवी. जुनी गाणी मात्र जशीच्या तशी नाहीत. क्यूसाउंड तंत्राने त्यांचं मिक्सिंग पुन्हा केलंय, त्यामुळे दोनच स्पीकर असूनही आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा वाटतो. बरीच गाणी कापून आखूडही केलीत. म्हणून 'लाईक अ प्रेयर' 1989 च्या मूळ अल्बमवर ऐकच. मला तरी मूळचंच जास्त भावतं. त्यातला कोरस नीट श्वास घेतो.

शहापूर-टिळकवाडीतल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर कॅसेट मिळाली, तर हरखून लगेच लावू नकोस. आपल्या बेळगावच्या पावसात, खानापूरकडे तर जास्तच, फितीला बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके दिसले की ती डेकमध्ये, म्हणजे कॅसेट प्लेअरमध्ये, घालायची नाही. डेकचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, घाण होतं, आणि तीच बुरशी तुझ्या चांगल्या कॅसेटींना लागते. एलपी, म्हणजे मोठी तबकडी, मिळाली तर उभी ठेव, एकावर एक रचलेल्या एलपी वाकतात.

मायकल जॅक्सनचा 'हिस्टरी' नंतर घे. तोही संग्रहच, पण त्यात निम्मी गाणी तेव्हा नवीच होती.