“प्रेसमध्ये नोटा छापतात, मग आणत का नाही?”

नाशिकरोडहून एक आई माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या होत्या. मुलगा दुसरीत. “मॅडम, ‘पैसे नाहीत’ म्हटलं की हा म्हणतो, फोनने स्कॅन कर. फोनमध्येही संपले म्हटलं तर म्हणतो, मग प्रेसमधून आण, तिथे छापतात ना!” वडिलांचं मत वेगळंच होतं. एवढ्या लहान वयात पैशाचा विषयच नको, मुलं पैशाच्या मागे लागतात. ही भीती मला बऱ्याच घरांत दिसते.

मला तर त्या मुलाचा प्रश्न फार आवडला. त्याच्या भागात करन्सी नोट प्रेस १९२८ पासून नोटा छापते. त्याचा तर्क चुकीचा नव्हता, अर्धा होता.

त्याला आणि त्याच्या मोठ्या बहिणीला मी समोर बसवलं. चिक्कीचे चार तुकडे ठेवले, दोघांना पाच-पाच कागदी चिठ्ठ्या दिल्या आणि लिलाव पुकारला. एकेक तुकडा दोन-तीन चिठ्ठ्यांना गेला. मग तुकडे तेवढेच ठेवून दोघांना दहा-दहा चिठ्ठ्या दिल्या. मुलगा खुशीत होता. पण आता तोच तुकडा पाच चिठ्ठ्यांवर गेला. तो थांबला, तुकडे पुन्हा मोजले आणि म्हणाला, “मग प्रेसवाल्यांनी चिक्कीपण छापायला पाहिजे!” महागाई याहून सोपी करून मला सांगता आली नसती.

आईंना मी दोन गोष्टी सुचवल्या. यूपीआय आलं २०१६ मध्ये. या मुलाने पैसे हातातून जाताना फारसे पाहिलेलेच नाहीत. म्हणून काही दिवस भाजी रोखीने घ्या. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात त्याच्या हातात दहाच्या पाच नोटा द्या. पन्नासची एक नको, कारण या वयात नोटा कमी होताना दिसल्या तरच पैसे कमी झाल्याचं कळतं. पेरू घेतला की बोरं राहतील, हे त्यालाच ठरवू द्या. रडला तरी वरून पैसे घालू नका.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘पैसे नाहीत’ म्हणणं सोडा. सकाळी असं म्हणून संध्याकाळी पिझ्झा मागवला, तर मुलाला आपण खोटं बोललो असं वाटतं. आणि त्याने ते खरं मानलं, तर ते पोर मनातून घाबरतं. ‘आहेत, पण ते तुझ्या फीसाठी ठेवलेत’ हे सात वर्षांच्या मुलाला नीट समजतं. वडिलांनाही मी हेच सांगितलं. पैशाबद्दल घरात बोललं म्हणून हाव वाढत नाही. काहीच न सांगितलेल्या मुलाला मात्र वाटतं, आई-बाबा मुद्दामच नाही म्हणतात. घरातल्या कामांचे पैसे देऊ नका, एवढं जाता जाता बजावलं.

पुढच्या भेटीत त्यांनी त्याचा नवा प्रश्न आणला. आजोबा निफाड तालुक्यात कांदा पिकवतात. “कांदा महागला की आई चिडते आणि आजोबा खूश का होतात?” मी म्हटलं, याचं उत्तर तुम्ही देऊ नका. सुट्टीत आजोबांबरोबर लासलगावच्या बाजार समितीत जाऊ द्या. खऱ्या लिलावात उभा राहू दे, आणि परतताना बी-बियाणं, मजुरी, गाडीभाडं वजा जाता हातात किती उरले, ते आजोबांनाच त्याच्यासमोर मोजू द्या.