डिचोलीतलं जुनं घर घेण्याआधी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गोव्यातल्या डिचोलीतलं ते दुरुस्त केलेलं घर तुझ्या मनात भरलंय, हे पत्रावरून कळलं. राजांगण (घराच्या मधलं उघडं अंगण), वसरी (पुढची पडवी), शिंपल्यांच्या खिडक्या शाबूत असलेलं घर आता सहसा विकायला येत नाही. म्हणूनच विसार देण्याआधी दोन गोष्टी नीट तपास: पाणी कुठे मुरतंय, आणि खरेदीखतावर कुणाकुणाच्या सह्या लागणार.

आधी भिंती. चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल तो वर ओढतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकून जाते. दुरुस्तीत त्यावर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओलीची वाट बंद होते. ती भिंतीत आणखी वर चढते, खार फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत भिंत बोटांनी वाजवून बघ. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे. कमरेएवढी टाइल किंवा लाकडी फळ्या नव्यानेच लावल्या असतील, तर त्यामागची भिंत बघायला माग. अंगणात पेव्हर घालताना भर टाकली का तेही मोज. अंगण आतल्या जमिनीपेक्षा निदान 15 सेंटीमीटर खाली हवं. उपाय आहे, पण सावकाशीचा: सिमेंट खरवडायचं, पाऊस संपल्यापासून मेपर्यंत भिंत उघडी सुकू द्यायची, मग चुन्याचा गिलावा.

छपराखाली नवं जिप्सम सीलिंग असेल तर एक तुकडा उघडायला सांग आणि टॉर्च घेऊन वर बघ. वासे कुजतात ते बहुधा भिंतीवर टेकलेल्या टोकाशी, कारण तिथे ओल असते आणि वारा नसतो. टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टोच. सहज आत गेला तर तो वासा गेला. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवरून वर जाताना दिसतील. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण 15 लागतात, म्हणजे 120 चौरस मीटर छपराला 1,800 च्या आसपास. कौलं उतरवून वासे बदलायचे झाले तर खर्चाचा अंदाज यावरून बांधता येईल. राजांगणावर पारदर्शक पत्रा टाकलेला असेल तर मला तो नको वाटतो. घराचा श्वास तिथूनच चालतो. उघडं असेल तर चार बादल्या पाणी ओत आणि ते कुठे जातं ते बघत उभा राहा.

विहिरीपासून शोषखड्डा निदान 18 मीटरवर हवा. वायरिंगचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घे.

आता सह्या. गोव्यात बहुतेक लग्नांत नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, वारशाने आलेली धरून. विवाहकरार वेगळा असला तरी घर विकायला जोडीदाराची संमती लागते. चार भावंडं वारस असतील आणि चौघांची लग्नं झाली असतील तर आठ सह्या, आई हयात असेल तर तिचा अर्धा हिस्सा वेगळा. वारसाखत दाखवतील. त्यावरून वारस कोण ते कळतं, घर कुणाच्या वाट्याला आलं ते कळत नाही. त्यासाठी इन्व्हेंटरीचा (कोर्टात होणाऱ्या वारसा-वाटणीचा) आदेश किंवा वाटणीखत माग. परदेशातल्या भावाचं मुखत्यारपत्र असेल तर त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का ते वकिलाकडून वाचून घे. घरपट्टीच्या पावतीवर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. फॉर्म एक-चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा, त्यावरचं नावही एकट्याने पुरेसं नाही. पोर्तुगीज काळातली मालकीची नोंद आणि माट्रिझ (तेव्हाची करनोंदवही) यांच्याशी ते जुळायला हवं.

परसात कुणाचं लहान घर आहे का, हेही बघ. 1975 च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणाऱ्याला, ते घर विकत घेण्याचा हक्क आहे, पालिकेच्या हद्दीत 200 चौरस मीटरपर्यंतच्या जागेसह. विकणारा म्हणेल, ‘ते आमचेच आहेत, उठतील.’ त्यावर विसंबू नकोस. त्या कुटुंबाशी स्वतः बोल, आणि त्यांना काढण्याची अट व्यवहारात घालू नकोस.

सर्वेक्षणाचा नकाशा काढून घराची बाहेरची मापं त्याच्याशी ताडून बघ. मागची नवी खोली नकाशात नसेल तर तिचा परवाना माग. नकाशा हाती आला की मला पाठव, आपण मोजपट्टी घेऊन एकत्रच जाऊ.