क्लॅनमधल्या फुकट्यांचं काय करायचं?

प्रश्न असा आहे की क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममधल्या क्लॅन गेम्समध्ये (क्लॅनने, म्हणजे खेळाडूंच्या गटाने, मिळून आव्हानं पूर्ण करत गुण जमवायचे असतात) मोजके लोक राबतात आणि बाकीचे आयती बक्षिसं उचलतात, मग त्यांना काढायचं का?

माझं मत: क्लॅन गेम्सवरून काढू नका. आधी हिशोब बघा. बक्षिसांच्या शेवटच्या टप्प्याला पूर्ण क्लॅनचे मिळून लागतात 50,000 गुण आणि एका खेळाडूला सहसा जास्तीत जास्त 4,000 मिळवता येतात. म्हणजे तेरा जणांनी मनावर घेतलं तर पन्नास जणांच्या क्लॅनचं काम भागतं. वर एकच सोपं आव्हान पूर्ण करणाऱ्यालाही सगळ्या टप्प्यांची बक्षिसं घेता येतात. नियमच असे असल्यावर कोण कशाला घाम गाळेल? शिवाय त्याने बक्षीस नेलं म्हणून तुमचं कमी होत नाही. चिडचिड होते, तेवढीच.

वॉरची, म्हणजे दोन क्लॅनमधल्या लढाईची गोष्ट मात्र वेगळी. तिथे प्रत्येकाला दोन हल्ले असतात. ‘मी वॉरला तयार’ सांगणारं हिरवं बटण चालू ठेवून, यादीत नाव लावून जो एकही हल्ला करत नाही, तो दुसऱ्या कुणाची तरी जागा अडवतो आणि दोन्ही हल्ले वाया घालवतो. त्याला एकदा चॅटवर विचारा. परीक्षा, नाइट शिफ्ट, काहीही असू शकतं. पुन्हा तेच झालं तर पुढच्या वॉरमध्ये घेऊच नका, किक करायची, म्हणजे क्लॅनमधून काढायची गरजही पडत नाही.

आणि डोनेशनचे, म्हणजे कुणी क्लॅनमधल्या इतरांना किती सैन्य दिलं त्याचे आकडे बघताना जरा सबुरीने. सीझन संपला की ते शून्यावर येतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळेच फुकटे दिसतात!