दुसरी तलवार ठेव, ढाल घे

अरे, रोल-प्लेइंग गेममधलं पहिलंच कॅरेक्टर आणि दोन्ही हातांत तलवारी? थोडं थांब.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत ढालीने आर्मर क्लास (वार लागायला शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा) २ ने वाढतो, तोही येणाऱ्या प्रत्येक हल्ल्यासाठी. वीस बाजूंच्या फाशावर याचा अर्थ दर दहा वारांतला साधारण एक जास्तीचा हुकतो. पॅरी, म्हणजे शस्त्राने वार अडवणं, मात्र रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या कृतीला दिलेलं झटपट उत्तर) खाते, आणि ती फेरीत एकच. चार गॉब्लिन (छोटे राक्षस) अंगावर आले की हिशेब कळतो. (मला दुसऱ्या गॉब्लिननेच शिकवला.)

गर्प्स या दुसऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये गंमत वेगळी. तिथे पॅरी म्हणजे शस्त्रकौशल्याचं अर्धं अधिक ३. कौशल्य १२ असेल तर पॅरी ९. सहा बाजूंच्या तीन फाशांची बेरीज ९ किंवा कमी आली तर वार अडला. शक्यता ३७.५ टक्के. मध्यम ढाल घेतलीस की तिचे २ पॅरीतही मिळतात: ११, म्हणजे थेट ६२.५ टक्के! नवखे हेच विसरतात. शिवाय त्याच शस्त्राने लगेच दुसरी पॅरी केलीस तर ४ वजा. म्हणून पहिला वार ढालीवर घे, दुसऱ्याला तलवार.

दुसरी तलवार हवीच असेल तर सामानात राहू दे, ढाल फुटली की काढ.