नऊ चॅनेलचा रिसीव्हर हप्त्यांवर, की पाच चॅनेलचा रोखीनं?

प्रश्न: आम्ही भाड्याच्या घरात राहतो. हॉल १२ बाय १४ फुटांचा आहे, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आणि टीव्हीपासून सुमारे ३ मीटरवर. टीव्ही ४के, ६० हर्ट्झचा, त्याला ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेनं रिसीव्हरकडे नेणारी सोय) आहे. जुने दोन बुकशेल्फ स्पीकर चांगल्या स्थितीत आहेत (८६ डेसिबल, ६ ओहम). होम थिएटरसाठी बोनसमधून एक रक्कम बाजूला काढली आहे. ९.२ चॅनेलचा रिसीव्हर (स्पीकरांना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर; नऊ स्पीकर आणि दोन सबवूफरसाठी) घेतला तर त्या रकमेतली ७० टक्के त्यातच जाते. तो १२ हप्त्यांत, १२ टक्के फ्लॅट व्याजानं मिळतो. ९ बिनव्याजी हप्त्यांचीही योजना आहे, पण मग रोखीवरची ८ टक्के सूट जाते. ५.२ चॅनेलचा साधा रिसीव्हर ३० टक्क्यांत बसतो. मुलगा पुढे गेमिंग कन्सोल घेणार आहे, त्यामुळे एकदाच मोठा घेऊन टाकावा असं वाटतं. आपत्कालीन निधी चार महिन्यांच्या खर्चाइतका आहे, कर्ज नाही. काय करावं?

उत्तर: ५.२ घ्या, रोख घ्या, आणि वाचलेले पैसे स्पीकर आणि सबवूफरमध्ये (खोल, जड आवाजाचा वेगळा स्पीकर) घाला. होम थिएटरच्या सगळ्या सामानात सर्वांत लवकर जुना होतो तो रिसीव्हर. एचडीएमआयची आवृत्ती बदलते, टीव्ही बदलतो, नवे फॉरमॅट येतात, आणि पाच-सहा वर्षांत त्याची पुनर्विक्रीची किंमत पार घसरते. स्पीकरचं तसं नाही. चांगला स्पीकर पंधरा-वीस वर्षं वाजतो आणि कुठल्याही रिसीव्हरला जोडता येतो. तुमचे बुकशेल्फ हेच सांगताहेत. तुमच्यापुढच्या योजनेत मात्र लवकर जुन्या होणाऱ्या वस्तूत ७० टक्के जातात आणि टिकणाऱ्या वस्तूंना ३० उरतात.

आधी हप्त्यांचं बघू, कारण खरा फटका तिथे आहे. फ्लॅट १२ टक्के म्हणजे प्रत्यक्षात १२ टक्के नव्हे. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र शेवटपर्यंत मूळ रकमेवरच मोजलेलं असतं. १०० वर वर्षाचं १२ व्याज धरून ९.३३ चे १२ हप्ते भरले, तर घटत्या शिलकीवरचा दर सुमारे साडेएकवीस टक्के निघतो. बिनव्याजी योजनाही फुकट नाही. रोखीनं जी वस्तू ९२ ला मिळते, तिचे तुम्ही ११.११ च्या नऊ हप्त्यांत १०० मोजता. महिन्याला साधारण १.७ टक्के, म्हणजे वर्षाला वीस टक्क्यांच्या वर. प्रक्रिया शुल्क असेल तर ते वेगळं. पैसे बाजूला काढलेले असताना हे व्याज भरायचं कशासाठी?

आता वर्षाचा हिशेब. बजेट १०० भाग धरलं, तर मोठा रिसीव्हर व्याजासह ७८.४ भागांना पडतो. पाच वर्षं वापरला तर वर्षाला सुमारे १५.७ भाग. छोटा पाच वर्षं वापरला तर वर्षाला ६. समजा छोटा तिसऱ्या वर्षीच अपुरा वाटला आणि तुम्ही तो कवडीमोलानं काढून टाकलात, तरी वर्षाला १० च पडतात. चुकीचा ठरूनही जो पर्याय स्वस्त पडतो, त्यासाठी फार घाबरायचं कारण नाही.

तुमच्या हॉलमध्ये नऊ चॅनेल वापरले जातील का? मला तरी तसं दिसत नाही. सोफा भिंतीला टेकलेला असला की ७.१ मधल्या मागच्या दोन स्पीकरांना जागाच राहत नाही. छतातून आवाज देणाऱ्या ॲटमॉस या फॉरमॅटच्या स्पीकरांसाठी छताला भोकं पाडावी लागतील, आणि घर भाड्याचं आहे. म्हणजे नऊतले चार ॲम्प्लिफायर मोकळे बसणार. स्वतःच्या घरात जाणं दोन वर्षांच्या आत नक्की असेल, तरच ७.२ चा विचार करा, कारण ५.१.२ मांडणीला (पाच स्पीकर, एक सबवूफर, छतात दोन स्पीकर) सात चॅनेल लागतात. नऊचा मात्र तेव्हाही नको.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यावर पैसे मोजू नका. मोठ्या अक्षरातला आकडा बहुधा एकाच चॅनेलवर, ६ ओहमला, फक्त १ किलोहर्ट्झवर आणि कधीकधी १० टक्के विकृतीसह मोजलेला असतो. तपशीलपत्रकात दुसरा आकडा शोधा: दोन चॅनेल, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, विकृती ०.१ टक्क्याच्या आत. दोन्हींत जवळपास दुपटीचा फरक सहज निघतो. तुलना करायची ती दुसऱ्या आकड्याची. ८० वॅटवरून ११० वर गेल्यानं फक्त १.४ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. तुमचे स्पीकर १ वॅटला १ मीटरवर साधारण ८६ डेसिबल देतात. ३ मीटरवर साडेनऊ डेसिबल कमी धरले तरी ५० वॅटला एका स्पीकरचे ९३ च्या पुढे जातात, त्यात खोलीच्या भिंती थोडी भर घालतात. एवढ्या हॉलला हे भरपूर आहे. रिसीव्हरला ६ ओहम चालतं का, ते त्याच्या मागच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत पाहून घ्या.

कन्सोलची काळजी सोडा. तुमचा टीव्ही ६० हर्ट्झचा आहे, त्यामुळे ४के १२० हर्ट्झ पुढे पाठवणारा रिसीव्हर घेऊनही चित्र तेच दिसणार. पुढे १२० हर्ट्झचा टीव्ही घेतलात तर कन्सोल थेट टीव्हीला जोडा आणि आवाज ईएआरसीनं रिसीव्हरकडे आणा. त्यामुळे रिसीव्हरवर ईएआरसी हवंच, ही एक अट मात्र सोडू नका. साधं एआरसी, म्हणजे त्याची जुनी आवृत्ती, स्ट्रीमिंगच्या ५.१ ला पुरतं, पण पीसीएममध्ये (न दाबलेला डिजिटल आवाज) फक्त स्टिरिओच नेतं, आणि कन्सोलचा आवाज बरेचदा पीसीएममध्येच असतो.

दुसरी अट माइकनं खोली मोजणाऱ्या सोयीची. डेनॉनमध्ये तिला ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपीएओ. स्वस्तातल्या काही मॉडेलांत ही एकाच जागी मोजते, काहींत सहा-आठ जागांवर. रुंद सोफ्यासाठी अनेक जागांवर मोजणारी घ्या. वाय-फाय आणि ॲपवरून गाणी यांच्यासाठी जादा पैसे देऊ नका, ते काम टीव्ही करतो.

वाटणी मी अशी करेन: रिसीव्हर ३०, दहा इंची ॲक्टिव्ह सबवूफर ३०, सेंटर स्पीकर २०, सराउंडची (बाजूच्या स्पीकरांची) जोडी १५, वायर आणि स्टँडला ५. पण हे सगळं एकदम नको. घर एकाच पगारावर चालत असेल तर चार महिन्यांचा निधी तोकडा आहे. पहिल्या टप्प्यात रिसीव्हर, सबवूफर आणि वायर एवढंच घ्या. उरलेले ३५ भाग निधी सहा महिन्यांवर जाईपर्यंत बचत खात्यात राहू द्या, मग सेंटर आणि सराउंड. तोवर २.१ वर (दोन स्पीकर आणि सबवूफर) चित्रपट छान चालतात. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटर नाही असं सांगितलं की संवाद दोन्ही पुढच्या स्पीकरांत वाटले जातात. सेंटर घ्याल तेव्हा शक्यतो तुमच्या बुकशेल्फच्याच मालिकेतला घ्या, नाहीतर पात्र डावीकडून उजवीकडे चालत गेलं की त्याचा आवाज मधेच बदलतो.

सबवूफर आधी का, असं विचाराल. त्याला स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. ८० हर्ट्झखालचा जड भाग त्याच्याकडे गेला की छोट्या रिसीव्हरवरचा ताण बराच उतरतो.

वापरलेला रिसीव्हर निम्म्या किमतीत मिळत असेल तर तोही वाईट नाही, फक्त वाजवून घ्या. एचडीएमआयचं प्रत्येक पोर्ट, ईएआरसी, स्पीकरचं प्रत्येक टर्मिनल तपासा, आणि अर्धा तास चालू ठेवून तो प्रोटेक्शनमध्ये जात नाही ना (स्वतःला वाचवायला आपोआप बंद होत नाही ना) ते बघा. मोजणीचा माइक सोबत हवाच, दुसऱ्या मॉडेलचा बरेचदा चालत नाही. सगळ्यात आधी दगा देतो तो एचडीएमआय बोर्ड, आणि त्याची दुरुस्ती वापरलेल्या यंत्राच्या किमतीजवळ जाते.

चालू खर्च किरकोळ आहे. असा रिसीव्हर मध्यम आवाजात साधारण ४५ वॅट घेतो, रोज चार तासांना महिन्याचे साडेपाच युनिट. बंद असतानाही चित्र पुढे पाठवत राहण्याची सोय मात्र नको असेल तर बंद ठेवा, ती रात्रभर वीज खाते.

खरेदीनंतर परत करायची मुदत असते तेवढ्यातच जोडणी पूर्ण करा. १६ गेजची शुद्ध तांब्याची वायर घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. टोक १ सेंटिमीटरच सोला आणि तारा पिळून घ्या. एखादी तार सुटून शेजारच्या टर्मिनलला लागली की रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो, आणि लोक त्याला बिघाड समजून परत नेतात. लाल-काळा एकाच स्पीकरला उलटा लागला तर बास पातळ होतो. मोजताना माइक कानाच्या उंचीवर स्टँडवर ठेवा, उशीवर नको, पंखा बंद करा. नंतर सेटिंग उघडून बघा: पुढचे स्पीकर ‘लार्ज’ धरले असतील तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा. टीव्हीत सीईसी (एचडीएमआयनं उपकरणांनी एकमेकांना चालवण्याची सोय) चालू आणि आवाजाचं आउटपुट ‘पास-थ्रू’ (आवाज न बदलता पुढे पाठवणारं) हवं. ते पीसीएमवर राहिलं तर पाच स्पीकर लावूनही आवाज दोनांतूनच येऊ शकतो. रिसीव्हरच्या वर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, बंद कपाटात ठेवू नका. पहिल्याच आठवड्यात दोन तासांचा चित्रपट पूर्ण लावा, शेवटी वरच्या जाळीवर हात ठेवून बघा. कोमट ते गरम ठीक, हात ठेववत नसेल तर जागा बदला.